रोजचा फडका

पुढच्या शनिवारी गावी जायचंय. बॅग भरताना सौ.ने विचारलं, "काय काय न्यायचंय?" म्हटलं, "घरातले सगळे जुने सुती बनियन." ती दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली. मग तिला आठवलं आणि हसली. तुम्हाला आठवायचं काही कारण नाही, म्हणून आजचा हा लेख.

मे संपत आला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. लाकडं भरायची, मिरच्या-मसाले करून ठेवायचे, कौलं परतून घ्यायची. आमच्या घरी ह्या यादीत आणखी एक काम असायचं, बाबांचं वर्कशॉप पावसाळ्यासाठी तयार करणं. लहानपणी मला ते अत्यंत कंटाळवाणं काम वाटायचं. आता मी पन्नाशीकडे झुकलोय, वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, आणि माझं मत असं झालंय की आमच्या घरात सगळ्यात शहाणपणाचं काम तेच होतं. पण हे कळायला मला एक लेथ गंजवावा लागला.

तर आधी ती गोष्ट.

रत्नागिरीजवळ, समुद्रापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, बाबांचं वर्कशॉप आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. आत एक सहा फुटी राजकोटचा लेथ, एक ड्रिल मशीन, ग्राइंडर, दोन व्हाइस आणि भिंतभर पान्हे. चाळीस वर्षं ह्या खोलीने आमचं घर चालवलं, माझं इंजिनिअरिंगही तिच्याच जिवावर झालं. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः मिरकरवाड्याचे ट्रॉलरवाले. शाफ्ट, बुश, पंपाचे भाग असली कामं. जूनमध्ये पावसाळी मासेमारीबंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्त्या तेव्हाच निघतात. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत! आणि येणारी प्रत्येक वस्तू खाऱ्या पाण्यात भिजून आलेली.

२०२३ साली गुडघ्यांमुळे बाबांनी काम थांबवलं. शेजारच्या वाडीतला एक मुलगा, आयटीआयमधून टर्नर झालेला, त्यांच्याकडे शिकायला यायचा. २०२४ च्या दिवाळीनंतर लेथ त्याला द्यायचा असं ठरलं. तो त्यावर स्वतःचा धंदा सुरू करणार होता. मधला एक पावसाळा लेथ बंद राहणार होता, म्हणून मे महिन्यात तो "नीट पॅक" करायची जबाबदारी मी उत्साहाने अंगावर घेतली.

मी काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, लेथवर वर्षानुवर्षांचा जो काळा चिकट थर होता तो रॉकेलने घासून काढला. अगदी शोरूमसारखा चकचकीत केला. दुसरं, बाजारात मिळणारा गंजविरोधी फवारा सगळीकडे मारला. तिसरं, जाड प्लास्टिक आणून पूर्ण लेथ गुंडाळला आणि खाली फरशीपर्यंत ब्राऊन टेप लावून सील केला. सुट्टीवर जाण्याआधी सर्व्हरचा बॅकअप घेतल्याचं जे समाधान असतं ना, अगदी ते मिळालं.

बाबा दारातल्या खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "प्लास्टिक नको रे. ग्रीस फास आणि मोकळा ठेव."

मी म्हटलं, "बाबा, हवाच आत गेली नाही तर गंज येईलच कसा? तुम्ही काळजी करू नका."

ते काही बोलले नाहीत.

गणपतीला घरी गेलो. आरती झाल्यावर उत्साहाने वर्कशॉप उघडलं आणि टेप फाडली. प्लास्टिकच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते. बेड नारिंगी झाला होता. आणि टेलस्टॉकवर माझ्या उजव्या हाताच्या पंजाचा ठसा उठला होता. पाचही बोटं, स्पष्ट, गंजामध्ये.

तात्या (बाबांचे जुने मदतनीस, तीस वर्षं ह्या लेथवर होते) शेजारी उभे होते. ते बाबांना एवढंच म्हणाले, "ह्याने तेल पुसलंन सगळं!" बाबांनी बेडवरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं आणि आत निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता हे असं का झालं ते बघू. कारण मी इंजिनिअर असूनही मला ते मेमध्ये सुचलं नव्हतं, आणि तुमच्यातल्याही बऱ्याच जणांना सुचलं नसतं अशी माझी समजूत आहे :-)

लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि ऑक्सिजन. दोन्ही फार थोडे पुरतात. पाणी म्हणजे पाऊसच पडायला हवा असं नाही. हवेतल्या बाष्पाचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर लोखंडावर बसला तरी काम होतं. व्हर्नन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२० आणि ३० च्या दशकांत ह्यावर बरंच मूलभूत काम केलं. त्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ लोखंड फारच हळू गंजतं, आणि ती मर्यादा ओलांडली की वेग एकदम वाढतो. कोकणात पावसाळ्यात दिवसचे दिवस आर्द्रता ८५-९० टक्के असते. म्हणजे तिकडे "सुरक्षित" अशी अवस्था जूनपासून पुढे नसतेच.

दुसरी गोष्ट दवाची. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश येतो. म्हणजे लोखंड हवेपेक्षा फक्त दोन अंशांनी थंड असलं की त्यावर थेट पाणी जमतं. लेथ म्हणजे काही शेकडो किलोंचं बिडाचं धूड. रात्री थंड होतं आणि सकाळी हवा तापली तरी ते तासन् तास थंडच राहतं. सकाळी दार उघडलं, बाहेरची उबदार ओली हवा आत आली की पहिली जाऊन त्या बेडवर बसते. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, अगदी तसं.

बाबा रोज सकाळी दार उघडल्यावर आधी टेबलफॅन लेथच्या दिशेने लावायचे, आणि मग चहाला जायचे. "लेथला उकडतंय वाटतं," म्हणून आम्ही भावंडं हसायचो. फॅनमुळे वाऱ्याने लोखंड हवेच्या तापमानाला लवकर येतं आणि पाणी टिकत नाही, हे मला गेल्या वर्षी वाचून कळलं. बाबांनी ते वाचलेलं नव्हतं. त्यांनी बघितलं होतं.

आता प्लास्टिक. मी हवा बाहेर ठेवली नव्हती, आत कोंडली होती. मेमधली हवा म्हणजे कोरडी हवा असं आपल्याला पुण्यात बसून वाटतं, समुद्रकाठी तसं नसतं. त्यात खालची जमीन ओल सोडते आणि मी टेप फरशीला लावली होती. म्हणजे खालून ओल येणार, वरून जायला वाट नाही, आणि दिवस-रात्रीच्या तापमानाच्या फरकाने ते पाणी रोज थोडं वाफ होऊन रोज पुन्हा लोखंडावर बसणार. चार महिने मी लेथला सौम्य वाफारा दिला.

फवाऱ्याचाही दोष नाही. तो पातळ असतो, त्याचा उपयोग पाणी हटवायला आणि अडकलेले भाग सोडवायला. पातळ थर चार महिने पुरायचा नव्हता. त्याआधी मी तो काळा घाण थर काढला होता, आणि तो घाण नव्हता, तोच लेथचा पावसाळी रेनकोट होता. नंतर उघड्या हाताने टेलस्टॉक ढकलून जागेवर नेला. घामात मीठ असतं. म्हणून तो पंजा.

मिठाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण समुद्रकाठी सगळा खेळ त्याचाच आहे. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं हे आपल्याला पावसाळ्यात ओल्या झालेल्या मिठाच्या बरणीवरून माहीत असतंच. शुद्ध खाण्याचं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला विरघळायला लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरतं. म्हणजे लोखंडावर समुद्राचं मीठ बसलं असेल तर ते जवळपास बारा महिने ओलंच असतं, अगदी आपल्या हाताला कोरडं लागलं तरी. शिवाय ते खारं पाणी साध्या पाण्यापेक्षा वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे तिचा वेग वाढतो.

ह्यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. ट्रॉलरवरून काही आलं की तात्या ते आधी गोड्या पाण्याने, शक्य तर गरम पाण्याने धुवायचे. मला वाटायचं, गंजू नये म्हणून पाण्यापासून लांब ठेवायचं तर हे धुतात काय! पण तेल मीठ विरघळवत नाही. मिठावर तेल लावलं तर मीठ तेलाखाली बसून आपलं काम करत राहतं. आधी धुवायचं, मग पुसायचं, मग वाळवायचं, मग तेल. हा क्रम चुकला तर पुढचं सगळं व्यर्थ. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या एका नातेवाइकाचं गॅरेज त्यात बुडालं. पाणी ओसरल्यावर "आधी सगळं वाळू दे" म्हणून त्यांनी दोन दिवस हत्यारं उन्हाची वाट बघत ठेवली. बाबांनी फोनवर सांगितलं होतं की चिखल ओला आहे तोवर धुऊन काढा, पुसा आणि लगेच डिझेलमध्ये बुडवा. ज्या ट्रेमधल्या हत्यारांना ते जमलं ती वाचली.

आता माझा दुसरा गुन्हा. मापाची हत्यारं, म्हणजे व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल, बाबा एका लाकडी कपाटात ठेवायचे आणि तळाला जाळीखाली ४० वॉटचा पिवळा बल्ब दिवसरात्र जळत असायचा. २०१८ मध्ये मी घरभर एलईडी बसवले, तेव्हा हाही बदलला. वीज वाचवली! बाबा म्हणाले, "तो उजेडासाठी नाहीये." माझं लक्ष नव्हतं. तो बल्ब उष्णतेसाठी होता. हिशोब करून बघा. २८ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा फक्त तीन अंशांनी तापवली की तीच आर्द्रता ७६ टक्क्यांवर येते, पाच अंशांनी तापवली की ६८ वर. पाणी तेवढंच आहे, पण हवा ते जास्त सहज धरून ठेवते, लोखंडावर टाकत नाही. एक बल्ब आणि बंद कपाट, एवढ्यात व्हर्ननची मर्यादा जवळपास गाठता येते. एलईडी तेवढा गरम होत नाही. (बल्ब लावणार असाल तर लाकूड, कापड, तेलाचे बोळे त्याच्यापासून दूर ठेवा आणि मध्ये जाळी हवीच.)

परिणाम असा की बाबांचा सगळ्यात जुना मायक्रोमीटर, तोंडाला कार्बाइड नसलेला, हळूहळू गेला. त्याच्या मापाच्या दोन्ही तोंडांवर बारीक खड्डे पडले. कामावर होते तोवर बाबा तो रोज पुसून निभावून नेत होते, शेवटच्या वर्षात ते थांबलं.

आणि इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. गंज काढता येतो. गंजाने खाल्लेलं लोखंड परत आणता येत नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसला की तो घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज फुगतो, सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि खपल्या होऊन पडतो. प्रत्येक खपलीबरोबर थोडं माप जातं. मापाच्या हत्याराचं माप गेलं की उरतं ते नुसतं लोखंड.

पण आपल्याला कौतुक काढण्याचं असतं. यूट्यूबवर बघा, गंजलेला व्हाइस किंवा कुऱ्हाड आणून आरशासारखी करण्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. मीही बघतो, छान वाटतं. "ह्या माणसाने रोज संध्याकाळी दोन मिनिटं व्हाइस पुसला" असा व्हिडिओ कोण बघणार? त्यात काही घडतच नाही. न घडणं हेच तर त्या कामाचं यश!

असो. काढायची वेळ येतेच, माझ्यावरही आली, तर त्या तीन दिवसांत बाबांकडून, तात्यांकडून आणि थोडं वाचून जे शिकलो ते लिहून ठेवतो.

लेथचा बेड, ड्रिलचं टेबल असे घासून सपाट केलेले भाग असतील तर ॲसिड नाही आणि एमरी पेपरही नाही. भरपूर तेल ओतायचं, ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने गंज खरवडायचा, मग भांडी घासायच्या बारीक नायलॉनच्या घासणीने तेलातच घासायचं. एमरीचे कण सॅडलखाली गेले की तेच पुढे वर्षभर बेड घासत राहतात, आणि ते नुकसान गंजापेक्षा मोठं.

पान्हे, पकडी, व्हाइसचे सुटे भाग असतील तर सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. काही तास ते एक रात्र, मधे मधे बघत. विसरून तीन दिवस ठेवलंत तर ते चांगलं लोखंडही खातं. बाहेर काढल्यावर धुवायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, पुन्हा धुवायचं, लगेच वाळवायचं आणि गरम असतानाच तेल. इथे चहाला गेलात तर परत येईपर्यंत नवा गंज! आपल्या आया-आज्या तांब्याची भांडी चिंचेने घासत आल्या, त्यातलं आणि ह्यातलं तत्त्व एकच. मात्र स्प्रिंगा आणि कडक केलेली हत्यारं ॲसिडात टाकू नका, त्यात हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होऊ शकतात. जस्ताचा मुलामा असलेलं काही टाकलंत तर मुलामाच जाईल.

मोठं आणि वेड्यावाकड्या आकाराचं काही असेल तर विजेने. प्लास्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, लिटरला चमचाभर. गाडीच्या बॅटरीचा चार्जर घ्या. गंजलेली वस्तू ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला. गंज सुटून येतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. तीन पथ्यं पाळा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. पाण्यात मीठ टाकू नका, क्लोरीन सुटतो. आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे अंगणात करा, बंद खोलीत नाही.

घाई नसेल तर मळी. साखर कारखान्यात उरते ती. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. कोल्हापूरकडच्या एका मित्राने हे शिकवलं. उत्तम काम होतं, फक्त वासामुळे शेजारी बोलेनासे होतात.

फाटक, अँगल, विळ्या-कोयत्यांच्या मुठीकडचा भाग, असं काही जिथे मापाचा प्रश्न नाही, तिथे टॅनिन. गंजावर टॅनिन बसलं की त्याचं निळसर-काळं, बऱ्यापैकी टिकाऊ संयुग तयार होतं. बाजारातल्या बऱ्याच गंज-रूपांतरकांमध्ये हेच असतं. आणि आपल्या सह्याद्रीतला हिरडा टॅनिनने भरलेला असतो, भीमाशंकर-जुन्नर पट्ट्यात तो गोळा करणं हा कित्येक घरांचा हंगामी रोजगार आहे.

तेलांबद्दल दोन शब्द. खोबरेल कोयत्याला ठीक, पण ते कालांतराने खवट आणि चिकट होतं, मापाच्या हत्यारांना नको. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून सगळीकडे फासतात, पण त्यात जळणातून आलेली आम्लं असतात आणि कातडीलाही ते वाईट. रोजच्या कामाला साधं मशीन ऑइल आणि लांब सुट्टीला ग्रीसचा थर, एवढं पुरतं. लहान डब्यात, झाकण घट्ट असेल तर सिलिका जेल उत्तम. दहा लिटरच्या डब्यातल्या हवेत आपल्या पावसाळ्यात पाव ग्रॅम पाणी असतं, जेलची एक पुडी ते सहज पिते. पण पूर्ण वर्कशॉपला तो उपाय लावू नका. बाबांच्या खोलीत १८० घनमीटर हवा आहे, म्हणजे सुमारे साडेचार लिटर पाणी, आणि दर वेळी दार उघडलं की नवीन!

हे सगळं सांगितलं की मित्र तीन आक्षेप घेतात.

पहिला दिल्लीच्या लोहस्तंभाचा. "आपल्या पूर्वजांनी १६०० वर्षं न गंजणारं लोखंड केलं..." केलं, आणि ते थोरच आहे. आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार होतो. पण दिल्लीची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते हेही खरं. त्यात आपला लेथ बिडाचा, त्या स्तंभाच्या लोखंडाचा नव्हे. पूर्वजांच्या जिवावर आपलं बीड टिकत नाही.

दुसरा आक्षेप, "यंत्र लावा ना, डीह्युमिडिफायर." लावा, खोली बंद करता येत असेल आणि वीज असेल तर चांगलंच आहे. कौलारू छप्पर आणि पावसाळ्यात तासन् तास जाणारी वीज, ह्या दोन गोष्टी आमच्याकडे आहेत.

तिसरा आक्षेप मला जास्त बोचतो. "वेळेची किंमत धरलीस का? रोज पंधरा मिनिटं पुसण्यापेक्षा दहा वर्षांनी नवीन घेणं स्वस्त." पान्ह्याबाबत खरं असेलही. पण हा हिशोब ज्याच्याकडे नवीन घ्यायचे पैसे आहेत त्याचा आहे. आयटीआय झालेल्या त्या मुलासाठी जुना, सरळ चालणारा लेथ म्हणजेच भांडवल होतं. मी दहा मिनिटांच्या ग्रीसच्या जागी प्लास्टिक लावलं तेव्हा माझं काहीच जात नव्हतं. त्याचं जात होतं.

आणि हे मला ऑफिसमध्ये कळायला हवं होतं. आमच्या टीममध्ये एक मुलगी दर शुक्रवारी सर्व्हरच्या डिस्क किती भरल्यात ते बघायची, जुने लॉग साफ करायची. कोणी सांगितलेलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं. ती दुसरीकडे गेली. तीन महिन्यांनी एका रात्री डिस्क भरून सगळं बंद पडलं. एकाने पहाटे चारपर्यंत जागून ते परत चालू केलं. त्याला त्या तिमाहीचं बक्षीस मिळालं. तो मी. सर्टिफिकेट अजून ड्रॉवरमध्ये आहे. तिला साधा आभाराचा मेलही कोणी पाठवला नव्हता, मीसुद्धा नाही.

गणपतीचे ते तीन दिवस बाबा, तात्या, तो मुलगा आणि मी, चौघंही ब्लेड घेऊन बेडवर वाकलेलो होतो. वरवरचा गंज निघाला. चकजवळ, जिथे वर्षानुवर्षं कूलंटचं दुधाळ पाणी साचायचं, तिथे बारीक खड्डे राहिले, ते आता कायमचे. नशीब एवढंच की सॅडलखालचं जुनं तेल मी काढू शकलो नव्हतो, तेवढा भाग शाबूत होता. दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे लेथ त्या मुलाचा झाला. चालतो. टेलस्टॉकवर पंजाचा फिकट डाग अजून दिसतो, घासून जात नाही. मायक्रोमीटर मी नवीन घेऊन दिला. जुना बाबांनी टाकला नाही, त्यांच्या टेबलावर असतो.

मधे गेलो होतो तेव्हा तो मुलगा मला हळूच म्हणाला, "दादा, तुम्ही इंजिनिअर ना? एकदा लावलं की झालं, पुन्हा बघायलाच नको, असं काही मिळत नाही का हो?"

मी म्हटलं, "मीही तेच शोधत होतो."

बाबा खुर्चीवरून म्हणाले, "दिवे लावायची वेळ झाली. बुशचा कीस झाड आधी, आणि कूलंट पूस. मग गप्पा मारा." आणि त्याने निमूटपणे फडका उचलला. फडके फार संपतात म्हणे. म्हणून हे बनियन. आणि ४० वॉटचा एक बल्ब, तो बॅगेत वर ठेवलाय, फुटायला नको.

तुमच्याकडे, विशेषतः खाडीकाठी किंवा गोव्याकडे, हत्यारांना पावसाळ्यात काय लावतात? कळवा. बाबांना वाचून दाखवीन.